गायकवाड भाऊंचं 'गेट थ्रू'

शुक्रवार, दुपार. साल १९९४, थंडी ओसरत आलेली.

स्थळ: सुजाता एस.टी.डी. बूथ, आमच्या आळीच्या तोंडाशी, भिवंडी.

हजर: बूथचे मालक जनार्दन गायकवाड, म्हणजे आमचे भाऊ. मुख्तारभाई, समोरच्या कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवणारे. हिराबाय म्हात्रे, कशेळीहून बाजारात सुकी मासळी घेऊन येणाऱ्या. आणि मी, कमल साळवे, सरकारी दवाखान्यात सिस्टर, भाऊंच्या शेजारच्या खोलीत राहणारी.

गैरहजर: सुजाता जनार्दन गायकवाड, स्टाफ नर्स, मुक्काम मस्कत.

विषय: सुजाताने आणखी दोन वर्षं मस्कतला राहायचं की परत यायचं, हे तिच्या वडिलांनी तिला आज फोनवर सांगायचं होतं. त्याची तालीम.

आधी हजेरी मांडायची, मग बोलायचं, ही माझी वॉर्डातली सवय आहे. कोण कोण होतं हे कळलं की निम्मे प्रश्न पडतच नाहीत. राहिला प्रश्न तालमीचा. तो समजायला भाऊंची पद्धत माहीत पाहिजे.

भाऊंच्या बूथवर तालीम झाल्याशिवाय कुणालाही फोनला हात लावता येत नसे.

नाटकाची करतात तशीच तालीम. बूथच्या बाहेर एक लाकडी बाक होता. गिऱ्हाईक आलं की भाऊ विचारायचे, "कुणाला करायचाय?" गिऱ्हाईक म्हणायचं, "आईला." मग भाऊ चष्मा कपाळावर चढवायचे, बाकावर त्याच्या शेजारी येऊन बसायचे आणि म्हणायचे, "मी तुझी आई. बोल."

आणि खरंच आई व्हायचे. बाप व्हायचे, सासरा व्हायचे, सुरतेचा शेठ व्हायचे. बायको व्हायची वेळ आली तर मान खाली घालून, शर्टाची बाही तोंडाशी धरून नुसतं "हं" म्हणायचे. "बायको फोनवर जास्त बोलत नाही," असं त्यांचं निरीक्षण होतं. "फोन गावच्या किराणा दुकानात असतो आणि शेजारी सासू उभी असते."

मुख्तारभाई पहिल्यांदा आले तेव्हा मी तिथेच होते. यूपीतलं त्यांचं गाव. नुकतेच भिवंडीत आलेले, कानात लूमची खडखड बसलेली, त्यामुळे बोलणं सगळं वरच्या पट्टीत.

"भाऊ, बात करनी है, नौटंकी नहीं!"

"बात ही करने का है. मैं तेरा अब्बा. बोल."

मुख्तारभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. दुसरा इलाज नव्हता.

"अब्बा, सलाम. कैसे हैं?"

"ठीक."

"अम्मा कैसी हैं?"

"ठीक."

"भैंस कैसी है?"

भाऊंनी हात वर केला. "रुक. आधा मीटर तो भैंस में गया. तेरे को बोलना क्या है?"

मुख्तारभाईंनी आवाज खाली आणला. "बोलना ये है कि ईद पे नहीं आ पाऊँगा."

"तो वो पैले बोल. भैंस बाद में."

"अब्बा, मैं ईद पे नहीं आ पाऊँगा."

यावर भाऊ काहीच बोलले नाहीत. समोरच्या गटाराकडे बघत नुसते बसून राहिले. इतका वेळ की मुख्तारभाईंनाच राहवेना. "अब्बा नाराज हो गए क्या?"

"अब्बा चुप हैं. अब तू क्या बोलता है?"

मग मुख्तारभाई जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, ते त्यांचं आणि त्यांच्या अब्बांचं आहे. पण ते बोलून झाल्यावर भाऊ उठले, केबिनचं दार उघडलं आणि म्हणाले, "जा. अब नंबर लगा."

केबिनच्या काचेवर भाऊंनी तांबड्या रंगात लिहून ठेवलं होतं: मुख्य गोष्ट आधी.

हे सगळं त्यांच्या डोक्यात शिरलं ते दोन इंग्रजी शब्दांमुळे. गेट थ्रू.

ऐंशीच्या सुमाराला भाऊ कापडाच्या एका पेढीत टेलिफोनच्या बोर्डावर होते. परगावी बोलायचं तर तेव्हा ट्रंक कॉल बुक करून ताटकळत बसावं लागे. आतून शेठ ओरडायचे, "गायकवाड, गेट थ्रू हुआ क्या?" भाऊंना वाटे, ही टेलिफोन खात्याची भाषा असावी. मग एक दिवस पेढीवर पेढे आले. शेठचा मुलगा परीक्षा पास झाला होता. शेठ म्हणाले, "लडका गेट थ्रू हो गया." भाऊ पेढा हातात धरून उभेच राहिले. फोन न लावता मुलगा थ्रू झाला कसा?

सुटल्यावर ते तडक वाचनालयात गेले आणि डिक्शनरी उघडून बसले. परत आले ते चप्पल न काढता माझ्या दारात.

"सिस्टर, अहो, दोन शब्द आहेत हो. एवढे एवढे. आणि आत केवढी वस्ती!"

मी म्हटलं, "वस्ती असेल तर खोल्यांना नंबर द्या. नाहीतर टपाल चुकेल." मला काहीही सांगितलं की मी आधी क्रम लावते. तेव्हा नंबर माझे, अर्थ भाऊंचे. नंबर एक, फोन लागणे. नंबर दोन, परीक्षेत पास होणे. नंबर तीन, हातातलं काम उरकणे. नंबर चार, वाईट दिवस निभावून नेणे. नंबर पाच, आपलं म्हणणं समोरच्याच्या डोक्यात शिरणे.

झालं. त्या दिवसापासून भाऊंना जगात दुसरं काही दिसेना. दहावीचा निकाल लागला की ते आळीच्या तोंडाशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येक पोराला विचारायचे, "नंबर दोन झाला का रे?" भिवंडीत दोन नंबर म्हटलं की लोक भलतंच समजतात. एका पोराच्या आजीने भाऊंना चांगलंच फैलावर घेतलं, तेव्हापासून ते पूर्ण वाक्य बोलायला लागले.

पुढे त्यांना सहावाही सापडला. खाऊन फस्त करणे. विहारात भोजनदानाचा कार्यक्रम होता, भाऊ वाढप्यांत होते. जिलबीचं मोकळं ताट उंच धरून ते पंगतीच्या मधोमध ओरडले, "सिस्टर, जिलबी गेट थ्रू!" पंगतीला वाटलं, हे जिलबीचं काहीतरी नवीन नाव आहे. दोघांनी आणखी मागितली.

कधी कधी ते ताणायचेही. कुकरची शिट्टी झाली की "डाळ गेट थ्रू झाली". मी म्हणायचे, "भाऊ, हे डिक्शनरीत नाही." ते म्हणायचे, "डिक्शनरी करणाऱ्याने आमची तूरडाळ कुठे शिजवलीय?"

पण सगळ्या नंबरांत त्यांचा जीव पाचव्यावर. त्यांचं म्हणणं असं: "बोर्डावर मी इतकी वर्षं लोकांना फोन लावून दिले. नंबर एक रोज होत होता. आणि मी ऐकत होतो, दोन माणसं तासभर बोलतात आणि पाच नंबर होतच नाही. तार जोडलेली, माणसं सुटी." म्हणून पेढी सोडून त्यांनी स्वतःचा बूथ काढला तेव्हा पहिल्याच दिवशी बाहेर बाक टाकला.

हिराबायची तालीम तर अख्ख्या बाजाराने बघितली. त्यांच्या धाकटीचं लग्न ठरलं होतं आणि अंबाडी गावच्या भावाशी बोलणं बंद होतं. भावाच्या शेजारी दुकान, दुकानात फोन. हिराबाय टोपली बाकाखाली सरकवून बसल्या.

"भाव, मना फोन करायचा हाय. तुझ्याशी गप्पा मारायला आले न्हाय."

"मीच तुझा भाऊ. अंबाडीचा. बोल."

"तू माझा भाव? मंग ऐक! बापाच्या बाराव्याला तू माझ्याशी काय बोललास, आठवतं काय रं तुला? मी इसरले न्हाय! तुझी बायको..."

"ठेवला," भाऊ म्हणाले.

"काय ठेवला?"

"फोन."

"तू तं हितं बसलाय!"

"मी बसलोय. तुझ्या भावाने ठेवला. बायकोचं नाव काढल्यावर कोण ऐकून घेईल?"

हिराबायनी भाऊंना जे ऐकवलं ते थेट बंदर मोहल्ल्यापर्यंत गेलं असेल. मग पदराने तोंड पुसलं आणि एकदम लहान आवाजात म्हणाल्या, "दादा, पोरीच्या लग्नाला तू पायजेस."

"हां," भाऊ म्हणाले. "आता लावतो."

दादा लग्नाला आला. बायकोसकट आला. तेव्हापासून भाऊंच्या दाराला सुक्या बोंबलांची जुडी अडकवलेली असायची, आणि वास मात्र माझ्या खोलीत.

मध्ये कोपऱ्यावर दुसरा बूथ निघाला. आत गुबगुबीत खुर्ची, पंखा, भिंतीवर धबधब्याचं चित्र. तालीम वगैरे काही नाही, या आणि बोला. गिऱ्हाइकं तिकडे वळली. भाऊ आपल्या बाकावर पेपर वाचत बसले. मग एकेक जण परत यायला लागला. हिराबायनी कारण सांगितलं: "तिकडं खुर्ची बरी हाय. पन बोलून आले ना, तं सांगायचंच ऱ्हायलं."

मला भाऊंचा अभिमान होता आणि आहे. आमच्या आळीत शिकलेली माणसं बरीच आहेत, मोठ्या नोकरीतली आहेत. पण किती भांडणं मिटली, किती बातम्या बऱ्या शब्दांत पोचल्या, ते त्या बाकाला विचारा.

आता सुजाता.

वहिनी गेल्या तेव्हा ती प्राथमिक शाळेत होती. भाऊ बोर्डावरून यायचे, तिची वेणी घालायचे, आणि ती वेणी सकाळपर्यंत सुटलेली असायची. मग मी येता-जाता घालून द्यायला लागले. चार नंबरचा अर्थ भाऊंना डिक्शनरीने सांगितला असेल, पण वाईट दिवस निभावण्याशी ओळख त्याआधीची होती.

बारावीनंतर तिचा नर्सिंगचा फॉर्म मी भरून दिला. ट्रेनिंगमध्ये ती पहिल्या तिघींत असायची, हे मी आमच्या मेट्रनला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी मेट्रनच मला सांगायला लागल्या. मग मस्कतच्या नोकरीची जाहिरात आली, मुंबईला मुलाखत, तीही इंग्रजीत. भाऊंनी त्याची तालीम घेतली. लग्नाच्या बँडवाल्याकडून टाय मागून आणला, लालभडक, सोनेरी काठाचा. तो बांधून ते बाकावर साहेब होऊन बसले.

"व्हाय यू वाँट टू कम टू अवर हॉस्पिटल?"

"बाबा, आधी तो टाय काढा, मला हसू येतं."

"नो बाबा. ओन्ली सर."

मुलाखतीत ती कुणालाच घाबरली नाही. तिचं म्हणणं, त्या टायपुढे ते साहेब काहीच नव्हते.

आमच्या आळीतून विमानात बसलेली ती पहिली मुलगी. पोचवायला सगळी आळी निघाली. दापोड्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने टेम्पो दिला, तरी निम्मी माणसं उभी. विमानतळावर सगळ्यांनी तिला काही ना काही सांगितलं. मी औषधांची पिशवी दिली आणि कुठली कशावर ते लिहून दिलं. भाऊ शेवटी पुढे झाले. आम्ही सगळे गप्प झालो. जगाला मुख्य गोष्ट आधी सांगायला शिकवणारा माणूस आता काय बोलतो, ते ऐकायला.

भाऊ म्हणाले, "छत्री घेतलीस का?"

मस्कतला!

सुजाताचा फोन दर शुक्रवारी दुपारी बूथवर यायचा. तिकडे शुक्रवारी सुट्टी, इकडे लूम बंद. इतर दिवशी आमच्याकडे कानात कापूस घालून जगावं लागतं. शुक्रवारी भिंतीवरचं घड्याळही ऐकू येतं. तिचं फोनचं कार्ड चालेल तेवढा वेळ बोलणं. भाऊंच्या बाजूचं बोलणं मला पाठ होतं: "हॅलो. जेवलीस? बरं. तब्येत? बरं. ठेवतो, कार्ड संपेल." आणि मग आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला, "परवा सुजाशी बोललो, खूप बोललो."

त्या वर्षी तिचा करार संपत होता. आदल्या शुक्रवारी ती म्हणाली, "बाबा, हॉस्पिटलला उत्तर द्यायचंय. राहू की येऊ? विचार करून पुढच्या शुक्रवारी सांगा." भाऊंनी त्या आठवड्यात एकाचीही तालीम नीट घेतली नाही. कुणाची तरी आई होता होता मध्येच थांबायचे. म्हणून मी ड्युटी बदलून घेतली, मुख्तारभाईंना आणि हिराबायना निरोप पाठवला, आणि शुक्रवारी आम्ही तिघं बाकापाशी हजर झालो.

"भाऊ, आज तुम्ही बाकाच्या त्या टोकाला बसा," मी म्हटलं. "तालीम आम्ही घेणार."

पहिल्यांदा हिराबाय सुजाता झाल्या. "बोल बाबा."

"हॅलो. जेवलीस का?"

"जेवले. जवला-भात खाल्ला."

"मस्कतला जवला कुठला?"

"मी सुजाता हाय, मी काय पन खाईन! तू बोल."

"तब्येत बरी आहे ना?"

"अगं बाय! ह्या मानसाला कोनी फोन दिला?" हिराबाय उठल्याच.

मग मुख्तारभाई. भरघोस मिशा, खांद्यावर गमछा. "हाँ पापा. मैं सुजाता."

भाऊंना हसू आवरेना. पोट धरून हसले, आम्हीही हसलो. मुख्तारभाई मात्र हसले नाहीत. ते भाऊंच्या अगदी जवळ सरकले. "भाऊ, भैंस बाद में. तुमको बोलना क्या है?"

भाऊंचं हसू हळूहळू विरलं. "बोलने का क्या है. तिकडं नोकरी चांगली आहे. इकडं मी पण ठीक है. तिने काय करायचं ते तिचं तिने..."

"ये तो किसी का भी बाप बोलेगा. सुजाता का बाप क्या बोलता है?"

फोन यायची वेळ होत आली होती. मी बाकावर बसले. "मी सुजाता. बोला, बाबा."

भाऊंनी चष्मा कपाळावर चढवला नाही, काढून खिशात ठेवला. माझ्याकडे बघितलंही नाही. समोर बंद कारखान्याचं शटर होतं, त्याच्याकडे बघत, अडखळत म्हणाले:

"सुजा, तू परत ये. दिवसभर मी इथे सगळ्यांची आई होतो, बाप होतो. संध्याकाळी घरी गेलो की मी कुणाचा कुणीच नसतो. ये बाई तू."

हिराबायनी टोपलीवरचं फडकं उगाच नीट केलं. मुख्तारभाई गमछ्याने मान पुसत राहिले. 

"बस," मी शेवटी म्हटलं. "हेच बोलायचं. याच्या आधी काही नाही. जेवलीस का नाही, तब्येत नाही."

"हेच बोलतो," भाऊ म्हणाले. परत एकदा म्हणून दाखवलं. आवाज या खेपेला स्थिर होता. फोन वाजला तेव्हा ते मुलाखतीला निघाल्यासारखे शर्ट खाली ओढून आत गेले.

केबिनचं दार उघडंच होतं. लूम बंद, रस्ता दुपारचा ओस. भाऊंनी रिसीव्हर कानाला लावला, श्वास घेतला, आणि सुजाताचा आवाज बाहेरपर्यंत आला. तिला फोनवर मोठ्याने बोलायची सवय.

"बाबा, थांबा, काही बोलू नका. मुख्य गोष्ट आधी सांगते. मला राहायचंय. डायलिसिसच्या युनिटला माझी निवड झालीय, सगळ्या हॉस्पिटलातून. पुढे मला तेच काम करायचंय. सोडून यावं असं वाटत नाही. पण तुम्ही एकटे आहात, तेही मला कळतं. मी इथे तालीम करून बोलतेय बाबा. माझी रूममेट केरळची आहे, तिला मराठीचं अक्षर कळत नाही, तरी ती तुम्ही झाली होती. मी बोलले की ती नुसती गप्प बसायची. तुम्ही बसता ना, तशी."

भाऊ गप्पच होते. त्यांची पाठ आमच्याकडे होती. 

"बाबा? सही करू?"

"शाब्बास," भाऊ म्हणाले. "कर सही."

"नक्की? तुम्हाला काय सांगायचं होतं?"

"मला?" आम्ही तिघंही पुढे वाकलो. "मला हेच विचारायचं होतं. जेवलीस का?"

मग तिकडचं कार्ड संपलं असावं. भाऊंनी रिसीव्हर जागेवर ठेवला, सरळ केला, आणि बाहेर आले ते केवढ्या तरी मोठ्या आवाजात.

"ऐकलंत सिस्टर? पहिल्या वाक्यात! एक शब्द इकडेतिकडे नाही. आणि मधली शांतता सुद्धा तालमीत घेतली होती पोरीने. पाच नंबर, शंभर टक्के पाच नंबर! सगळ्या हॉस्पिटलातून निवडलीय, मुख्तार, सब में से!" त्यांनी समोरच्या हॉटेलात चहा सांगितला, आमच्यासाठी, आणि रस्त्याने चाललेल्या दोघातिघांसाठीसुद्धा.

त्यांचा चेहरा खरोखर फुलला होता. डोळेही भरले होते. त्या दोन्हीत खोटं काही नव्हतं.

मुख्तारभाईंनी चहा घेतला नाही. "भाऊ, आपकी बात तो रह गई."

"एका फोनात मुख्य गोष्ट एकच मावते, मुख्तार. उसकी पैले आयी."

हिराबाय म्हणाल्या, "मंग दुसरा फोन लाव. आत्ताच लाव."

भाऊंनी नुसता हात हलवला.

संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, मी सुजाताला पत्र लिहितेच आहे, दोन ओळी मीच घालते. भाऊ एकदम ताठ झाले. "नाही, सिस्टर. तालीम दुसऱ्याने घ्यावी. फोन ज्याचा त्यानेच करावा."  मी लिहिलं नाही.

याला आता काही वर्षं झाली. सुजाता त्या युनिटची इनचार्ज आहे. रजेवर येते तेव्हा आमच्या दवाखान्यात चक्कर मारते आणि मी तिला वॉर्डभर फिरवून आणते, ओळख करून देताना माझाच आवाज चढतो. भाऊ तर तिला घेऊन सगळा बाजार पालथा घालतात. तेवढ्या दिवसांत तिला ते 'तू परत ये'चं वाक्य सांगायला त्यांना वेळ मिळत नाही, म्हणजे ते तसं म्हणतात.

शुक्रवारी दुपारी, तिचा फोन यायच्या आधी, आम्ही दोघं बाकावर बसतो. मी म्हणते, "मी सुजाता. बोला, बाबा." आणि भाऊ ते वाक्य म्हणतात. पहिल्यासारखं अडखळत नाहीत. एकदा मी विचारलं, "भाऊ, यावर सुजाता म्हणून मी काय म्हणायचं?" ते म्हणाले, "काही नको, सिस्टर. नुसतं ऐका."

मग फोन वाजतो. आत जाऊन ते ती जेवली का, तब्येत कशी आहे, विचारतात आणि कार्ड संपायच्या आत ठेवतात.

येत्या शुक्रवारची दुपारची ड्युटी मी बदलून घेतली आहे. वाक्य भाऊंना तोंडपाठ आहे, मलाही आहे. सुजाताला मात्र ते अजून सांगायचं आहे.